दारं नसलेलं घर भाड्याने देणे आहे

आत्याचं घर बघायला पहिलं जोडपं आलं, तेव्हा पुढचं दार सोडलं तर त्या घरात एकही दार जागेवर नव्हतं. दारं हरवली नव्हती. ती बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून ओळीने उभी होती, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखी. नवऱ्याने बाथरूममध्ये डोकावून पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, हवा खेळती राहते. बायको हसली. पण हसणारा माणूस घर घेतोच असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ती दोघं "कळवतो" म्हणून गेली आणि अजून कळवतच आहेत.

दारांचं श्रेय बाबांचं. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. एखादी वस्तू बिघडली की ती फेकून नवी आणावी, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरतच नाही. आत्याने हे पडीक घर घेतलं तेव्हा आई म्हणाली होती, बिजागऱ्या गंजल्यात, नव्या आणू, एका दुपारचं काम आहे. बाबांनी एक बिजागरी हातात घेतली, अंगठ्याने गंज घासला, खाली पितळ चमकलं, आणि आमचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढचं दार सोडून घरातली प्रत्येक बिजागरी, कडी, कोयंडा, मूठ आणि स्क्रू काढला आणि बिस्किटांच्या तेरा डब्यांत भरून दुकानात नेला. घासलेटमध्ये भिजवायचं, दात घासायच्या ब्रशने साफ करायचं, मग तेल. एका बिजागरीला एक संध्याकाळ. बिजागऱ्या एकोणीस होत्या. आईने गणित करून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, "आणि कड्या वेगळ्या."

कोणी पहिल्यांदाच जुनं घर घेऊन दुरुस्त करणार असेल तर माझं सांगणं एवढंच, की सगळी दारं एकदम काढू नका. एक खोली हातात घ्या, ती पुरी करा, मग दुसरी. आणि घरात घड्याळजी असेल तर त्याला पत्ता सांगू नका.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिने एकतीस वर्षं स्टेशनवर तिकीट खिडकीत काढली. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे, म्हणजे माझ्या खोलीत राहायला आली. ती घोरते, पहाटे उठते आणि माझ्या कपाटातले कपडे न विचारता रंगाप्रमाणे लावते. निवृत्तीचे सगळे पैसे मिळाले तेव्हा तिने कोणालाही न विचारता एका दिवसाच्या शिबिरात नाव घातलं. "घर घ्या, भाड्यावर जगा" असं काहीतरी नाव होतं. दिवसभर बसून ती एक भरलेली वही घेऊन आली. तिचा हिशोब सरळ होता. भाडं आलं की ती आमच्याकडे राहील, पण घरखर्चात मान वर करून आपला वाटा टाकेल. भाडं नाही आलं तर घर विकायचं आणि थोरल्या काकांकडे जायचं, कारण त्यांच्याकडे चार खोल्या आहेत आणि आमच्याकडे दोन. धाकट्या भावाच्या जिवावर बसून खाणार नाही, हे तिने इतक्या वेळा सांगितलं होतं की आईने उत्तर देणं सोडलं होतं.

थोरल्या काकांकडे आत्या मागे आठ दिवसांसाठी गेली होती आणि पाचव्या दिवशी परत आली. काकू वाईट नाहीत. पण त्यांनी आत्याची गादी इस्त्रीच्या टेबलाखाली अर्धी सरकवून घातली होती, आणि कोणी आलं की त्या म्हणायच्या, "या सध्या आमच्याकडे असतात." सध्या. आत्याने तो शब्द घरी येऊन फक्त एकदा म्हटला आणि परत काढला नाही.

आत्या तिकडे गेली असती तर मला माझी खोली परत मिळाली असती, हे मी लपवत नाही. पहिले दोन दिवस मी मनात पडदेसुद्धा बदलले. पण मग माझ्या लक्षात आलं की शाळेतून आल्यावर आख्ख्या वर्गाची नक्कल जिला करून दाखवता येते, आणि जी नकलेतल्या चुका काढते, ती तिकडे इस्त्रीच्या टेबलाखाली झोपणार. तेव्हा मी ठरवलं की या घराला भाडेकरू मिळालाच पाहिजे. परीक्षा संपली होती, सुट्टी होती, आणि मोठ्यांनी जे काही करायचं ते करून झालं होतं.

मोठ्यांनी काय केलं होतं ते सांगते. घर दाखवलं एका दलालाने. त्याचे बूट इतके चमकायचे की आत्याने त्याचं नाव पॉलिश ठेवलं, आणि तरी त्याच्याकडूनच घर घेतलं. घर तळमजल्यावर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळवायला हातभर अंगण. आम्ही ते बघितलं एका रविवारी, भर दुपारी, उन्हात. त्या वेळी तर गुरांचा गोठासुद्धा हवेशीर दिसतो. नळ सोडून बघितला नाही, कारण पॉलिश म्हणाला की आज पाणी बंद आहे. वरच्या मजल्यावर कोण राहतं ते विचारलं नाही. आतल्या खोलीची एकच भिंत नवीकोरी रंगवलेली होती आणि बाकी तिन्ही जुन्या होत्या, तर आत्या म्हणाली, बघा, काम सुरूसुद्धा केलंय बिचाऱ्यांनी.

तिच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं: घर तीनदा बघावे, तीन वेगळ्या वेळी. खाली दोन रेघा. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, वही सोबत न्यायची राहिली."

तीन आठवड्यांत त्या भिंतीतून उंट बाहेर आला. ओलीचा डाग होता, पण मान, पाठ, कुबड सगळं होतं. रंगाऱ्याला बोलावलं. त्याने वरून रंग मारला आणि उंट गेला. आठ दिवसांनी उंट परत आला आणि या वेळी दोन कुबडांचा होता. रंगारी पुन्हा आला. पैसे दोन्ही वेळा घेतले. त्याच सुमाराला पॉलिशही आला, भिंतीवर हात फिरवला, आणि कोणी गेल्यावर बोलतात तसा हळू आवाज काढून म्हणाला की ही ओल घराच्या पायातून येते, हिला इलाज नाही. त्याने आत्याला घर ज्या किमतीत घ्यायला लावलं होतं तिच्या दोन तृतीयांशात परत घ्यायची तयारी दाखवली. उपकार म्हणून. आत्याने महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली. तेव्हा महिन्याचे चोवीस दिवस राहिले होते, दारांच्या बिजागऱ्या डब्यांत होत्या आणि उंटाला पिल्लू होईल अशी लक्षणं होती.

बाबांच्या दुकानात प्रत्येक घड्याळाखाली कागदाचा एक तुकडा असतो. सकाळी किती सेकंद पुढे, संध्याकाळी किती मागे, ते त्यावर लिहिलेलं असतं. बाबा घड्याळ लगेच उघडत नाहीत. बिघाड कुठे आहे यापेक्षा तो कधी होतो ते आधी बघायचं, असं त्यांचं म्हणणं. लहानपणापासून ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पण पॉलिश गेल्यावर मी त्या उंटासमोर बसले होते आणि मला वाटलं, याच्याखाली कागद का नको?

मग मी दुकानातलं एक जुनं टेबल-घड्याळ उचललं, पेन्सिल घेतली आणि सकाळी सहाला त्या घरात जाऊन बसले. दर अर्ध्या तासाने उंटाच्या कडेने रेघ ओढायची आणि रेघेवर वेळ लिहायची. पहिल्या दिवशी आईला वाटलं मी मैत्रिणीकडे जाते. दुसऱ्या दिवशी तिला खरं कळलं. ती दवाखान्यात वॉर्डची मुख्य सिस्टर आहे, त्यामुळे सगळं तपशिलात विचारते. मी कागद दाखवला. तिने तो पेशंटच्या तक्त्यासारखा वरून खाली वाचला आणि मला डबा भरून दिला.

पाच दिवसांत चित्र स्पष्ट झालं. उंट रात्रभर गप्प असायचा. सकाळी साडेसातच्या पुढे तो वाढायला लागायचा, नऊला थांबायचा आणि दिवसभर हळूहळू सुकायचा. रोज तसंच. फक्त रविवारी नाही. रविवारी मी दुपारी बारापर्यंत बसले आणि उंटाने केसभरही हालचाल केली नाही. मी कागद घेऊन दुकानात धावत गेले. बाबांनी डोळ्याला लावलेलं भिंग न काढता तो वाचला. मग भिंग काढून पुन्हा वाचला.

"रविवारी बंद," ते म्हणाले. "म्हणजे हे पाणी नोकरी करतं."

वर राहणारे काका एकटे होते, कचेरीत जायचे आणि कोणाशी बोलायचे नाहीत. गेल्या वर्षीची मी असते तर आईच्या मागे उभी राहिले असते. या वेळी घंटी मी वाजवली. संध्याकाळची वेळ होती, काकांच्या हातात वर्तमानपत्र होतं. मी सांगितलं की तुम्ही रोज सकाळी सात ते साडेसातच्या मध्ये काहीतरी करता आणि रविवारी करत नाही, ते काय, एवढंच आम्हाला सांगा. काकांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या उशीखाली हात घातला. "तुम्ही माझ्यावर पाळत ठेवलीय?" त्यांनी विचारलं. बाबा मागून घाईघाईने म्हणाले, तुमच्यावर नाही हो, उंटावर. त्या उत्तराने काही सुधारलं नाही.

शेवटी मी त्यांना कागद दिला. तो वाचता वाचता आपोआप त्यांचा हात हनुवटीवर गेला. "दाढी," ते म्हणाले. काका मधल्या बोळातल्या बेसिनपाशी दाढी करायचे, नळ पूर्ण सोडून, वीस मिनिटं. रविवारी दाढीला सुट्टी. बेसिनखाली पाइपच्या सांध्यातला वायसर झिजून कागदासारखा झाला होता आणि काकांच्या दाढीचं पाणी थेंब थेंब करत आमच्या भिंतीत उतरत होतं. नवा वायसर चहाच्या कपापेक्षा स्वस्त होता. नळवाल्याने तो पाच मिनिटांत बसवला असता. बाबांनी पाऊण तास लावला, जीभ बाहेर काढून, घड्याळाच्या चिमट्याने. काका शेजारी बॅटरी धरून उभे होते, आणि शेवटी शेवटी तेही जीभ बाहेर काढायला लागले होते.

एकच गोष्ट आठवणीत ठेवणार असाल तर ही ठेवा. आधी पाणी कुठून येतं ते शोधा, रंग नंतर. रंगाऱ्याला तुम्ही हजार वेळा बोलावलंत तरी तो हजार वेळा येईल, त्याचा काय दोष.

भिंत सुकायला पंखा लावून आठवडा गेला, मग तिला शेवटचा रंग दिला. दरम्यान आईने दारांचा प्रश्न हातात घेतला. ती एका संध्याकाळी दुकानात गेली, तेरा डबे टेबलावर मांडले, साफ झालेले आणि न झालेले वेगळे केले आणि बाबांना म्हणाली, "अहो, उद्या संध्याकाळी मी त्या घराच्या बाथरूममध्ये जाणार आहे आणि दार लावणार आहे." बाबा समजले. दुसऱ्या दिवशी पाचही दारं लागली. प्रत्येक कडी सोन्यासारखी. दार ढकललं तर लोण्यासारखं फिरायचं, आवाज म्हणून नाही. सगळ्यात जास्त तेल त्यांनी स्वयंपाकघरातल्या छोट्या झडपांना घातलं होतं. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या भिंतीत एक चौकोनी खिडकी होती, ताटं-वाट्या पलीकडे द्यायला केलेली. तिच्या त्या दोन झडपा.

ती खिडकी दिसल्यावर आत्याने काय केलं असेल ते ओळखण्यासाठी तिकीट खिडकीत एकतीस वर्षं काढायची गरज नाही. तिने स्वयंपाकघरात स्टूल ठेवलं, खिडकीमागे बसली आणि जाहीर केलं की भाडेकरू इथून पारखले जातील. घर मी दाखवायचं, शेवटी माणसाला खिडकीपाशी आणायचं. तिचं म्हणणं होतं की समोरासमोर खुर्चीत बसलं की माणूस चांगला वागतो. खिडकीपाशी आला की तो खरा वागतो.

महिन्याचे शेवटचे चार दिवस. पहिल्या दिवशी आलेल्यांना घर लहान वाटलं. दुसऱ्या दिवशी एक सुटाबुटातला माणूस आला. त्याला घर आवडलं, भाडं मान्य, आगाऊ रक्कम लगेच देतो म्हणाला. मी त्याला खिडकीपाशी नेलं तेव्हा तो फोनवर बोलत होता आणि बोलतच राहिला. आत्याने नाव विचारलं, तर त्याने एक बोट वर केलं. थांबा म्हणून. आत्या थांबली. मग म्हणाली, घर मिळणार नाही.

तो गेल्यावर आमच्याकडे जे झालं त्याला भांडण म्हणणं कमी होईल. बाबा म्हणाले ताई, दोन दिवस राहिलेत. आई म्हणाली हट्टाला काही मर्यादा. मी तर रडायच्या बेतात होते, कारण मला डोळ्यांसमोर ते इस्त्रीचं टेबल दिसत होतं. आत्या शांतपणे म्हणाली की असा माणूस पहिल्या महिन्याचं भाडं ऐटीत देतो, दुसऱ्याला बोट वर करतो. "घाबरून घर दिलं तर घर जातं आणि भीतीही राहते," ती म्हणाली. मग वही उघडून हे तिने स्वतःच लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी कोणीच आलं नाही. आत्याने संध्याकाळी माझं कपाट लावलं आणि तिची बॅग पलंगाखालून काढून पुसून ठेवली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला एक बाई आली. बेकरीत भट्टीवर काम करते, पहाटे जाते, दुपारी येते, सोबत म्हातारी आई. तिच्या हाताला पीठ नव्हतं तरी नखांच्या कडा पांढऱ्या होत्या. बाबा खास थांबले होते. ते तिच्या पुढे पुढे जाऊन दारं उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. तिने एकाही बिजागरीकडे पाहिलं नाही. तिने नळ सोडला आणि बादली किती वेळात भरते ते मोजलं. अंगणात ऊन कधी येतं ते विचारलं. आईची खाट कुठे मावेल ते पावलांनी मोजलं. बाबांनी शेवटी स्वतःच एक दार हळूच मिटून घेतलं आणि त्याच्यामागे राहिले.

आतल्या खोलीत ती थांबली.

"ही एकच भिंत ताजी रंगवलीय," ती म्हणाली. "ओल होती ना?"

आम्ही जे घर घेताना विचारायला हवं होतं, ते ती भाड्याने घेताना विचारत होती. थाप मारायची असती तर तेवढीच वेळ होती. मी पिशवीतून कागद काढला, रेघा, वेळा, रविवार, दाढी, वायसर, सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिने कागद पूर्ण वाचला आणि विचारलं, हा मी ठेवू का? ओल परत आली तर तुलना करायला बरा.

मग मी तिला खिडकीपाशी नेलं. तिने ओळखपत्र आधीच बाहेर काढलं होतं. आगाऊ रक्कम वेगळ्या पाकिटात होती, वर पेन्सिलने आकडा. ते तिने आतल्या कट्ट्यावर ठेवलं आणि हात मागे घेतला. आत्या तिच्याकडे चार सेकंद पाहत राहिली. स्टेशनवर एवढ्या वेळात ती समोरच्याकडे सुट्टे आहेत की नाहीत ते ओळखायची. "किल्ल्या दोन देते," आत्या म्हणाली. "तिसरी हवी असेल तर आमच्या घड्याळजीकडून करून घ्या, पण पुढच्या वर्षी मिळेल." दारामागून खोकल्याचा आवाज आला.

बाई गेली, आणि तासाभरात पॉलिश आला. बूट, फाइल, पेन. विक्रीचे कागद तयार करूनच आणले होते. आत्या जागची उठली नव्हती, म्हणून तोही नाइलाजाने खिडकीपाशी जाऊन वाकला. घर भाड्याने गेलं हे कळल्यावर त्याने तोंडभर अभिनंदन केलं आणि मग तोच हळू आवाज काढला. ताई, ओल पायातली आहे, येत्या वर्षात भाडेकरू पळेल, मग हीसुद्धा किंमत नाही येणार.

"पायाला रविवारी सुट्टी असते का हो?" आत्याने विचारलं.

त्याला काही कळलं नाही. आम्ही कळू दिलंही नाही. आत्याने स्टुलावर पाठ ताठ केली, चेहऱ्यावर तो स्टेशनवरचा कोरा भाव आणला, दोन्ही झडपा हातात धरल्या आणि म्हणाली, "खिडकी बंद."

आणि तिने एकतीस वर्षांच्या सवयीने, पूर्ण ताकदीने झडपा आपटल्या. झडपा लोण्यासारख्या फिरल्या आणि पिसासारख्या मिटल्या. आवाज झालाच नाही. पलीकडे पॉलिशला बराच वेळ कळलं नसावं की आपल्याला हाकललंय. तो तसाच वाकून उभा होता.

"अरे," आतून आत्याचा आवाज आला, बाबांना. "एवढं तेल कशाला घातलंस?"

त्या रात्री तिने बॅग परत पलंगाखाली सरकवली, पायाने, जोरात. मग झोपली आणि घोरायला लागली. तिला तेल घालायचा उपाय बाबांकडे नाही, मी विचारून पाहिलं.